सर्वोत्कृष्ट सासूचं मतदान

भाताचे भारे खळ्यावर येऊन पडले होते आणि माळशेजच्या बाजूने आभाळ भरत चाललं होतं. परतीचा पाऊस मुरबाडकडे नेमका कापणीच्या दिवसांत येतो. टोकावड्याच्या अलीकडे एका घराच्या खळ्यावर दोन बायका, एक म्हातारबाबा आणि त्यांचा मुलगा निळी ताडपत्री ओढत होते. घरात टीव्ही चालू होता. बाहेर ऐकू यावं म्हणून आवाज मुद्दाम चढवून ठेवला होता. ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबता दाबता थोरल्या काकूंनी हाक मारून विचारलं, "सासू झाली का गं?" आतून नात म्हणाली, "न्हाय, आता सासरे चाललेत!" "मग हाय येळ," असं म्हणत काकू दुसरं टोक दाबायला गेल्या.

सासरे म्हणजे सर्वोत्कृष्ट सासऱ्यांचा पुरस्कार. त्या रविवारी झी मराठीवर 'उत्सव नात्यांचा' हा वाहिनीचा वार्षिक सोहळा लागला होता. सर्वोत्कृष्ट आई, वडील, सासू, सासरे, सून, भावंडं, जोडी, कुटुंब, खलनायिका, शीर्षकगीत अशी लग्नातल्या मानपानासारखी लांबलचक यादी, मध्ये नाच, विनोदी स्किटं आणि जाहिराती. दिवे लागायच्या सुमारास सुरू होतं आणि जेवणं उरकून भांडी घासली तरी संपत नाही. ताडपत्री बांधून होईपर्यंत पाऊस आलाच. सगळे आत आले. सासूचा पुरस्कार अजून व्हायचा होता.

या दिवाळी अंकासाठी संपादकांनी 'गौरव' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात साहित्य, संगीत, समाजसेवा असं काही असणार. पण मराठी घरांत ज्या पुरस्काराची वाट पाहिली जाते, ज्याच्यावरून जावाजावांत वाद होतात आणि ज्याच्यासाठी लोक स्वतः होऊन मत देतात, तो हा मालिकांचा पुरस्कार. तो जिथे देतात तिथून पाहिला तर झगमगाटच दिसतो. म्हणून जिथे पाहिला जातो तिथे गेले: शहापूर आणि मुरबाड. २०१४मध्ये पालघर वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातले हे दोन मोठे तालुके. गंमत अशी, की निम्म्याशिम्म्या मराठी मालिकांची घरं याच जिल्ह्यात, घोडबंदर रस्त्याच्या आसपास उभी असतात. पाहणाऱ्यांची घरं आणि पडद्यावरची घरं, दोन्हींचं कलेक्टर ऑफिस एकच.

दुपार कुणाची

अमेरिकेत दुपारच्या टीव्हीचा मान वेगळा आहे. दिवसा लागणाऱ्या कार्यक्रमांसाठी १९७४पासून तिथे एमी पुरस्कारांचा स्वतंत्र सोहळा होतो. सुझन लुची ही 'ऑल माय चिल्ड्रन' मालिकेतली नटी अठरा वेळा नामांकन मिळून अठराही वेळा रिकाम्या हाती परतली. शेवटी पुरस्कार न मिळणं हीच तिची ओळख झाली. १९९९मध्ये एकोणिसाव्या नामांकनाला तिचं नाव पुकारलं, तेव्हा अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. आपल्याकडे असा वेगळा सोहळा नाही. दुपारी दीडची मालिका आणि रात्री साडेआठची मालिका एकाच पंगतीला बसतात आणि वाढपी बहुतेक वेळा रात्रीवालीकडे आधी वळतो.

तसं पाहिलं तर रोजच्या मालिकेचा आपल्याकडचा पाळणा दुपारीच हलला. १९९४मध्ये दूरदर्शनवर 'शांती' आली, पुढच्या वर्षी 'स्वाभिमान'. दोन्ही दुपारच्या. मग मराठीत 'दामिनी'. प्रतीक्षा लोणकरांची ती निडर पत्रकार दुपारच्या चहाच्या वेळेला घराघरात यायची. शहापूरच्या बाजारपेठेमागे राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिका सांगत होत्या, की दामिनीच्या दिवसांत शाळा सुटल्यावर त्या स्टाफरूममध्ये एक मिनिट थांबत नसत. घरची अँटेना मुंबईच्या दिशेने धरलेली असे. माकडांनी ती हलवली की चित्रावर मुंग्या, आणि मग धाकटा दीर कौलांवर. "दामिनी नोकरी करायची, मीपण करायचे. सासूबाईंना ती आवडायची. मी आवडायला अजून चार वर्षं लागली," असं म्हणून बाई खळखळून हसल्या.

१९९९च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झाली, तीच पुढे झी मराठी. 'आभाळमाया'ने संध्याकाळ ताब्यात घेतली आणि दुपारच्या वाट्याला कालच्या भागाचं पुनःप्रक्षेपण उरलं. शहराने याला कमीपणा मानला असेल, इथे मात्र ती सोय झाली. भारनियमनाच्या वर्षांत संध्याकाळची वीज कधी जाईल त्याचा नेम नसायचा. रात्री नायिकेचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळायचं. खेड्यापाड्यातली बाई मालिका पाहायची ती एक दिवस उशिरा.

अलीकडे वाहिन्यांना पुन्हा दुपार आठवली. २०२२च्या सुरुवातीला स्टार प्रवाहने दुपारी एकला 'लग्नाची बेडी' आणि दीडला 'मुरांबा' अशा नव्या कोऱ्या मालिका आणल्या. मार्च २०२४मध्ये तर 'आई कुठे काय करते' संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती, वर्षानुवर्षं घर सांभाळलेली आणि नवऱ्याने फसवलेली बाई. शहरातल्या नोकरदार प्रेक्षकांना वाटलं, मालिकेला अडगळीत टाकली. नोव्हेंबरअखेर ती संपलीही. पण किन्हवलीकडच्या एका वहिनींना ती वेळ पथ्यावर पडली होती. "साडेसातला भाकऱ्या असतात. अडीचला मी, जाऊ आणि अरुंधती, तिघीच." साडेसातच्या वेळी त्यांना अरुंधती अर्धीच मिळायची. तव्यावरची भाकरी उलटायला उठलं की तेवढ्यात तिचा नवरा अनिरुद्ध काहीतरी बोलून गेलेला असायचा.

भाताचं वेळापत्रक

वाहिनीच्या कागदावर दुपार बाराही महिने सारखी. शहापूर-मुरबाडला ती भात ठरवतं.

जुलैमध्ये राबातली रोपं हातभर होतात आणि आवणी सुरू होते. महिना-सव्वा महिना घरातली प्रत्येक धडधाकट बाई चिखलात वाकलेली असते. एकमेकींच्या शेतावर उसनवारीने जायचं, न्याहारी बांधावर, दुपारचं जेवणही बांधावर. त्या दिवसांत दुपारच्या मालिका फक्त म्हाताऱ्या आणि पाळण्यातली पोरं पाहतात. मग रात्री म्हातारी सगळ्यांना भाग सांगते. डोळखांबच्या पुढे एका घरात असा भाग मी ऐकला. आजी भिंतीला टेकून बसलेल्या, समोर आवणीने कंबर मोडलेल्या दोघी सुना. पाय चिखलाने कुजू नयेत म्हणून त्यांना तेल लावणं चाललेलं. आजींनी खलनायिकेचा आवाज काढला, नायिकेचं रडणं काढलं, मधल्या जाहिरातीतली भांडी घासायची वडीसुद्धा सोडली नाही. वर निवाडा दिला: "तिची आई शाणी असती तर हे झालंच नसतं." धाकटी सून म्हणाली, "आई, हे मालिकेत म्हणाले का तुमीच म्हणता?" आजी म्हणाल्या, "मालिकेत कोन शाणं बोलतं?" तो भाग नंतर मी मोबाइलवर पाहिला. आजींचा जास्त चांगला होता.

बेणणी झाली की श्रावणात थोडी उसंत. गणपती, गौरी, नवरात्र. मग भात पिकतं आणि कापणी, बांधणी, झोडणी यांचा रेटा लागतो. नेमक्या याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे, झीचा सोहळा लागतो. वाहिनीच्या दृष्टीने हा सणाचा मोसम, जाहिरातदारांनी हात मोकळे सोडायचा. कापणी करणाऱ्या बाईच्या दृष्टीने वर्षातले सगळ्यात दमणुकीचे दिवस. तरी ती बसते. ज्या घरात मी बसले होते तिथे जागतं राहण्यासाठी काकू टीव्हीसमोर वाल सोलत होत्या. डुलकी लागली की वालाचा दाणा जमिनीवर पडायचा, त्या आवाजाने त्या पुन्हा जाग्या व्हायच्या.

टीव्हीचा खरा हंगाम त्यानंतर, थंडीत. भात कणगीत गेलेलं असतं. पाण्याची सोय आहे तिथे भेंडी लागते. इथली भेंडी परदेशी जाते, म्हणून तोडणी पहाटेची, दहापर्यंत माल गाडीत. दुपार मोकळी. दुपारच्या मालिकांना या दोन तालुक्यांत प्रेक्षक मिळतो तो डिसेंबर-जानेवारीत. त्या दिवसांत कुठलाच सोहळा नसतो. स्टार प्रवाहचा 'परिवार पुरस्कार' २०२१पासून सुरू झाला, तो साधारण शिमग्या-पाडव्याच्या सुमाराला येतो. तेव्हा इथे पाण्याची ओरड सुरू झालेली असते.

मालिकेतला नळ

शहापूर तालुक्यातून मुंबईचं पाणी जातं. तानसा तलाव १८९२पासून मुंबईला पाणी देतोय, आणि एकट्या भातसा धरणातून मुंबईला जाणारं पाणी तिच्या गरजेच्या निम्म्याच्या आसपास असतं. याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. हे सगळ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्रांत दर एप्रिलला त्याचा फोटो येतो: हंड्यांची रांग आणि मागे डोंगर.

कसाऱ्याच्या बाजूच्या एका पाड्यावर मार्चअखेरच्या दुपारी गेले तेव्हा टीव्हीसमोर कोणी नव्हतं, पण टीव्ही चालू होता. बायका विहिरीवर होत्या. झिरप्याचं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायला तासभर लागतो. मालिका चालू ठेवून का आलात, असं विचारलं तर एक बाई म्हणाली, "घर उघडं हाय, कोन तरी बोलतंय असं वाटाया पायजे ना." चोरांसाठी मालिका! विहिरीवर गप्पांचा विषय मात्र तोच. कोणाची जोडी नामांकनात आली आणि कोणाची गाळली.

या बायकांनी मालिकेवर केलेली एक टीका मला कुठल्याही परीक्षणात वाचायला मिळालेली नाही. मालिकेतल्या घरात कोणी पाणी भरत नाही. नळ सोडला की पाणी येतं, भांडी आपोआप घासली जातात, सून स्वयंपाकघरात उभी असते ती फक्त कोणाचं तरी बोलणं दाराआडून ऐकायला. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये तर घरात सहा सासवा होत्या. "सहा जणींचं पाणी कोण भरायचं?" असा प्रश्न एकीने विचारला आणि विहिरीचा काठ हसला. पुढे त्यातल्या नायिकेचं, जान्हवीचं, लांबलेलं गरोदरपण अख्ख्या महाराष्ट्राच्या थट्टेचा विषय झालं, पण तिचं मंगळसूत्र मात्र याच बायकांनी मुरबाडच्या सराफाकडे नाव सांगून मागितलं. दोन वाट्या नकोत, जान्हवीचं द्या. टीका आणि कौतुक त्यांच्यात एकत्र नांदतं.

मत कसं पडतं

वाहिनी आधी नामांकनं जाहीर करते, मग प्रेक्षकांकडून मतं मागवते. आधी एसएमएस होते, नंतर मिस्ड कॉल आले, आता ॲप आणि संकेतस्थळं. पडद्याच्या खालच्या पट्टीवर नंबर सरकत जातो.

तो नंबर वाचता यावा लागतो. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या कल्पनेतून आणि मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर पाठीला लावून शाळेत जाऊ लागल्या. देशोदेशीचे कॅमेरे तिथे येऊन गेले. पण फांगणे एकच. बाकी गावांतल्या बहुतेक आजींचं मत नातवंडांच्या अंगठ्यावर अवलंबून असतं आणि इथे खरं राजकारण होतं. आजीला सासूच्या भूमिकेतली म्हातारी हवी असते, नातीला नायक हवा असतो. मोबाइल नातीचा. एका घरात सातवीतल्या मुलाने आजीला प्रामाणिकपणे सांगितलं होतं, की सासूला एक मत देतो, पण त्याबदली दहा रुपये. आजींनी दिले. मत त्याने कोणाला दिलं हे देवाला ठाऊक.

मतदानातली आणखी एक गोष्ट मजेशीर. वर्षभर जिला शिव्याशाप दिले, जी पडद्यावर आली की "मेली आली" म्हणून तोंड वाकडं केलं, तिलाच सर्वोत्कृष्ट खलनायिका म्हणून मतं देतात. यात कोणाला विसंगती वाटत नाही. उलट हाच वर्ग सगळ्यात काळजीपूर्वक पाहिला जातो. 'माझ्या नवऱ्याची बायको' चालू असताना राधिकाला जिंकवायचं हे ठरलेलं असायचं, ती आपलीच. पण शनायाबद्दल लोक चर्चा करायचे: ती हसते कशी, चिडते कशी, साडी कशी नेसत नाही. नायिकेवर माया असते. अभिनय बघतात तो खलनायिकेचा.

नात्यांच्या या यादीत नणंद आणि जाऊ यांचा मान कुठे दिसत नाही, अशीही तक्रार ऐकली. तक्रार करणारी स्वतः चार भावजयांची नणंद होती.

या पुरस्कारांना पुरस्कार म्हणावं का, हा प्रश्न शहाणी माणसं विचारतात. वाहिनीच्या मालिका, वाहिनीची नामांकनं, वाहिनीचा मंच, वाहिनीवरच प्रक्षेपण. झीच्या सोहळ्यात प्रवाहची सासू नसते आणि प्रवाहच्या सोहळ्यात झीची नसते. घरचंच हळदीकुंकू. मला हा आक्षेप बरोबर वाटतो आणि तरी अपुरा वाटतो. कारण गावातली बाई याकडे गुणवत्तेची परीक्षा म्हणून पाहतच नाही. वर्षभर वेगवेगळ्या वेळांना येणारी माणसं एका संध्याकाळी एका मांडवात जमतात, ही तिच्यासाठी मोठी गोष्ट. साडेसातची सासू आणि नऊची सासू शेजारी बसून हसतात. दोघींची कधी भेट व्हायची नाही, ती होते. निकाल तिच्या लेखी दुय्यम. तसाही तो फुटलेलाच असतो. सोहळ्याचं चित्रीकरण आधीच झालेलं असतं आणि ट्रॉफी घेतलेले फोटो इन्स्टाग्रामवर फिरत असतात. टोकावड्याच्या त्या घरातल्या नातीला सासू कोण होणार हे दोन दिवस आधी ठाऊक होतं. तिने आजीला सांगितलं नव्हतं. मला खुणेने सांगितलं.

मोजणाऱ्यांची नजर

दर गुरुवारी मालिकांचा टीआरपी येतो. त्यावर कोणती मालिका राहील, कोणती दुपारी जाईल, कोणती संपेल हे ठरतं. आधीच्या टॅम या यंत्रणेची मोजणी शहरांपुरती होती. बार्क ही नवी संस्था २०१५मध्ये आली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरांचे आकडे धरले जाऊ लागले. म्हणजे 'आभाळमाया'पासून पुढची सोळा वर्षं मुरबाडच्या खेड्यातली बाई मालिका पाहत होती, तिच्यावरून घरात भांडत होती, तिच्यातली मंगळसूत्रं विकत घेत होती. आणि हिशेबात ती शून्य होती. ग्रामीण आकडे आल्यावर मालिका हळूहळू गावाकडे वळल्या. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे, 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळच्या आकेरीत. गावाकडे वळण्यामागे केवळ आकडेच होते असं नाही, पण आकड्यांनी वाट सोपी केली.

आजही मोजणीचं यंत्र देशभरात ५५ हजारांच्या वर घरांतच आहे आणि ती घरं गुप्त असतात. आपल्या गावात असं घर असेल का, यावर शहापूरच्या एका डिशच्या दुकानात चर्चा झाली. दुकानदार म्हणाले, "आमच्याकडे मोजायचं तर रिचार्ज मोजा." त्यांचा हिशेब साधा होता. २०१९मध्ये वाहिन्या एकेक निवडून पैसे भरायचा नियम आला. तेव्हा शंभर वाहिन्यांचे कर धरून दीडशेच्या वर रुपये पडायचे आणि आवडीच्या वाहिनीचे वेगळे. आवणीत बियाणं-खताला पैसे जातात, तेव्हा रिचार्ज थांबतात. गणपतीच्या आधी पुन्हा रांग लागते. ज्यांना परवडत नाही ते फ्री डिश लावतात. एकदाच पैसे, पुढे फुकट. पण त्यावर मोठ्या वाहिन्यांच्या ताज्या मालिका दिसत नाहीत, मग सह्याद्री, फक्त मराठी, जुने सिनेमे. "फ्री डिशवाल्या घरातली सासू शेजारी जाते बघायला," दुकानदार म्हणाले. मुरबाडमधलं धसई डिसेंबर २०१६मध्ये राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून गाजलं होतं. त्या बाजूला मला दिसलेले रिचार्ज नोटा मोजूनच होत होते.

शेजारी जाऊन बघणाऱ्या सासूची गणती कुठल्याच यंत्रात होत नाही. एका टीव्हीसमोर सात जणी असतात.

पैठणीचा खेळ

मालिकांचा सोहळा दूर, पण त्याची गावठी आवृत्ती दारात आली आहे. आदेश बांदेकरांचं 'होम मिनिस्टर' २००४मध्ये सुरू झालं आणि वहिनींना पैठणी मिळू लागली. आज शहापूर-मुरबाडकडे नवरात्र, हळदीकुंकू, नेत्याचा वाढदिवस, निवडणुकीचं वर्ष, काहीही निमित्त पुरतं. फलक लागतो: खेळ पैठणीचा. मागे एलईडीचा पडदा, पुढे खुर्च्या, बाजूला चहाचा थर्मास आणि मंचावर कल्याण-डोंबिवलीहून आणलेला निवेदक. तो बांदेकरांसारखं "वहिनी" म्हणतो आणि पन्नाशीतल्या बाईला "ताई, लग्नाला किती दिवस झाले?" असं विचारतो.

खेळ साधे असतात: डोक्यावर तांब्या ठेवून चालणं, फुगे फोडणं, एका मिनिटात किती टिकल्या लावता, उखाणा. पण अशाच एका कार्यक्रमात मी पाहिलं, की मंचावर आलेली प्रत्येक बाई दोनच गोष्टी करते. आधी माइक धरून आपलं पूर्ण नाव सांगते, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, आणि मग माहेरचं गाव. कुठे अंगणवाडीत, कुठे बचत गटात असेल तर तेही. निवेदकाला घाई असते, ती मात्र घाई करत नाही. जिंकणारीला पैठणी मिळते आणि बाकीच्यांना स्टीलचा डबा, पण माइक सगळ्यांना मिळतो. एका बाईने उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं सोडून आपल्या मेलेल्या सासूचं घेतलं. तिनेच शेती शिकवली म्हणून. टाळ्या पडल्या. सर्वोत्कृष्ट सासूचा पुरस्कार मी पाहिला तो हा.

कार्यक्रमाचा खर्च कोण करतं आणि का करतं, हे सगळ्यांना माहीत असतं. "मत कोनाला द्यायचं ते आमचं आमी बघू, पैठणी त्याची घेऊ," असं एकीने स्पष्ट सांगितलं. मिस्ड कॉलच्या मतदानातून आलेलं हे शहाणपण नव्हे. ते त्याच्या फार आधीचं आहे.

वर न जाणारा जिना

आटगावच्या बाजूचा एक मुलगा मालिकांच्या सेटवर लाइटचं काम करतो. पहाटेची कसारा लोकल, ठाण्याला उतरून घोडबंदरची बस. बारा तासांची पाळी, उशीर झाला तर तिथेच आडवं व्हायचं. त्याने त्याच्या सेटवरच्या घराचं जे वर्णन केलं, ते त्याची आई तोंडाला पदर लावून ऐकत होती. भिंती प्लायवूडच्या. छत नाही, कारण वरून दिवे सोडायचे. दिवाणखान्यातून जो ऐटदार जिना वर जातो तो वर कुठेच जात नाही. सून रागारागाने वर निघून जाते ती पाच पायऱ्यांवर उभी राहते आणि 'कट' म्हटलं की खाली उतरते. शयनगृह बाजूला, जमिनीवरच. नळाला पाणी येतं ते मागे ठेवलेल्या टाकीतून, शॉटपुरतं. एका दिवसात एक भाग तरी हातावेगळा करायचा असतो, म्हणून एका खोलीतले सगळे प्रसंग सलग उरकतात. सोमवारचं भांडण आणि शुक्रवारची माफी एकाच तासात.

सोहळ्याच्या आधीचे दिवस सगळ्यांत वाईट, तो सांगत होता. कलाकार नाचाच्या तालमीला जातात, म्हणून चित्रीकरण रात्री. सोहळ्याला प्रत्येक मालिकेचं कुटुंब एकत्र, एका रंगात सजून बसतं. लाइटवाले, स्पॉटदादा, मेकअपदादा घरी टीव्हीवर बघतात. नात्यांच्या यादीत त्यांचं नातं बसत नाही. एप्रिल २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं, तेव्हा मालिकांची घरं गोव्याला, सिल्वासाला गेली आणि हा आटगावला बसून राहिला. त्या दिवसांत मालिका नवीन बंगल्यात, समुद्राच्या वाऱ्यात चालू होती. आई म्हणायची, तुझं घर गेलं रे गावाला.

आईने त्याला विचारलेला मुख्य प्रश्न वेगळाच होता. ती खलनायिका खरंच तशी आहे का? तो म्हणाला, नाही, ती सगळ्यांना नावाने हाक मारते. आईला ते पटलं नाही. "असं दाखवती."

लीप

दिवाळी सरते आणि कातकरी वाड्यांवरची घरं कुलपाविना बंद होतात. वीटभट्टीचा मालक पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. भिवंडी, कल्याणकडच्या भट्ट्यांवर कुटुंबच्या कुटुंब निघतं: भांडी, कोंबड्या, पोरं, पांघरुणं. टीव्ही नेत नाहीत. भट्टीवरच्या झोपडीत तो ठेवायचा कुठे? विटा पाडायचं काम मध्यरात्रीनंतर सुरू होतं, सकाळी ऊन चढेपर्यंत चालतं. दुपारी झोप. मोबाइलवर कधी थोडं बघणं होतं, पण डेटा पोरं संपवतात.

म्हणजे झीचा सोहळा होतो तेव्हा निघायची गडबड, प्रवाहचा होतो तेव्हा भट्टीचा भर हंगाम. परतायचं पावसाच्या तोंडावर. शहापूरजवळच्या एका वाडीवर जूनमध्ये नुकत्याच परतलेल्या एका बाईच्या घरी आम्ही बसलो होतो. डिशचा रिचार्ज त्याच सकाळी मारला होता. सात महिन्यांनी ती मालिका पाहत होती. मधल्या काळात मालिकेने लीप घेतली होती. जिचं लग्न जमत नव्हतं तिची मुलगी कॉलेजात गेली होती, नायकाच्या कानशिलावर पांढरी रेघ आली होती, खलनायिका तुरुंगातून सुटली होती. मी तिला मधलं काही सांगू लागले तर तिने हाताने थांबवलं. दहा मिनिटं बघितलं. मग पडद्यावरच्या नव्या मुलीकडे बोट करून म्हणाली, "ही त्या मेलीची दिसते, हिची नाय. रुग्णालयात बदलली असंल." आणि चूल पेटवायला उठली.

तिचा अंदाज बरोबर निघाला. मालिकेत ते उघड व्हायला भाद्रपद उजाडला.